घरचें ताट आणि वाटेची शिदोरी : जुन्या कागदांतील अन्नपानाचा विचार

एखाद्या जुन्या घराण्याचें दप्तर पाहावयास मिळालें म्हणजे संग्राहकाचा हात प्रथम कोठें जातो, हें सांगावयास नको. शिक्क्याची सनद, निवाडपत्र, वतनाचा महजर, लढाईची बातमी देणारें पत्र हीं वेगळीं काढलीं जातात. आणि रुमालाच्या तळाशीं राहिलेला, तांदूळ, तूप, गूळ, हळद अशा जिनसांचा खर्डा 'किरकोळ' या सदरांत जातो. ही चूक आम्हीं स्वतः केली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका घरीं दोन रुमाल चाळून आम्हीं सनदा व पत्रें यांच्या नकला करून घेतल्या, आणि मुदपाकाच्या हिशेबाचा गठ्ठा पाहिला न पाहिलासा करून मालकांस परत दिला. पुढें त्या हिशेबांची गरज पडली तेव्हां पुनः गेलों. तों तो गठ्ठा बंबांत गेल्याचें समजलें. यांत मालकांचा दोष नाहीं. ज्याला आम्हींच किरकोळ म्हटलें, तें त्यांनीं कां जपून ठेवावें?

असे कागद कसे वाचावे व कां जपावे, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, घरच्या ताटाची माहिती याद्यांत सांपडते आणि वाटेवरच्या घासाची माहिती आत्मवृत्तांत व प्रवासवृत्तांत सांपडते. हीं दोन्हीं साधनें शेजारीं शेजारीं मांडल्यावांचून आमच्या पूर्वजांस अन्नाची गोडी कशांत वाटत होती, याचा उलगडा होत नाहीं.

(१) शब्दांचा विचार

शिवकालीन राज्यव्यवस्थेंत अठरा कारखाने व बारा महाल सांगितले आहेत. त्यांपैकीं मुदबखखाना, आबदारखाना व अंबरखाना हे कारखाने, आणि कोठी व थट्टी हे महाल, यांचा अन्नपानाशीं उघड संबंध आहे. अंबरखाना म्हणजे धान्याचें कोठार व थट्टी म्हणजे गाईंचा गोठा. 'मुदबख' हा मूळचा अरबी 'मतबख', म्हणजे स्वयंपाकाची जागा. मराठींत रूढ होतां होतां त्याचें 'मुदपाक' झालें, आणि शेवटल्या 'पाक' या अक्षरांमुळें तो शब्द संस्कृतच असावा असा भास होऊं लागला. रघुनाथपंडितानें शिवाजीमहाराजांच्या आज्ञेवरून जो राजव्यवहारकोश रचला, त्यांत उपभोगाच्या वस्तूंकरितां भोग्यवर्ग नांवाचा स्वतंत्र वर्ग आहे. यावरून हा विषय तत्कालीन राजपुरुषांस क्षुद्र वाटत नव्हता, हें दिसून येईल.

आबदारखान्याचा अर्थ पिण्याच्या पाण्याची व्यवस्था. हा शब्द मोगली दरबारांतून आपल्याकडे आला. अबुल फजलनें ऐने अकबरींत या खात्यास स्वतंत्र स्थान दिलें आहे. अकबर बादशहा घरीं असो वा प्रवासांत असो, गंगेचेंच पाणी पीत असे. आग्रा व फत्तेपूर येथें मुक्काम असतां तें सोरोंहून व पंजाबांत असतां हरिद्वाराहून मोहोरबंद भांड्यांतून आणवीत. आणि सोरा वापरून पाणी थंड करीत, अशी माहिती तेथें मिळते. इ. स. १५८६ च्या सुमारास लाहोरास पहाडांतून बर्फ येऊं लागलें, हेंही त्यानेंच नमूद केलें आहे. यावरून मराठी कागदांत 'आबदार' असा एकटा शब्द आला तरी त्यामागें केवढी व्यवस्था उभी असे, याची कल्पना येते.

दारूखाना या शब्दानें मात्र नवख्या वाचकाची फसगत होते. तेथें मद्याचा संबंध नाहीं. ती तोफाबंदुकांची दारू होय. याच्या उलट प्रकार 'शिधा' या शब्दाचा. त्याचें मूळ 'सिद्ध' या संस्कृत शब्दांत असून व्यवहारांत अर्थ मात्र न शिजविलेलें कोरडें अन्न, म्हणजे तांदूळ, डाळ, कणीक, तूप, मीठ इत्यादि जिन्नस, असा आहे. तेव्हां 'अमक्यास शिधा दिला' या वाक्यावरून त्यास जेवूं घातलें, असें समजूं नये. पाहुण्यानें आपला स्वयंपाक आपल्या हातानें, किंवा आपल्या मनुष्याच्या हातानें, करून घ्यावयाचा असे. शिध्याच्या यादींत माणसांची संख्या दिलेली असल्यास त्या मंडळींचा लवाजमा किती होता व मुक्काम किती दिवस पडला, याचा पडताळा लढाईच्या पत्रापेक्षांही बिनचूक मिळतो. कारण पत्र लिहिणारा सैन्याचा आंकडा फुगवूं शकतो, पण कोठीवाला तांदूळ फुगवीत नाहीं. आणि फुगविलेच तर त्याचें कारण निराळें असतें.

(२) मापें व मिति

या कागदांचा कंटाळा येण्याचें मुख्य कारण मापांची अडचण हें होय. धान्य मापून दिलें असल्यास 'कैली' व तोलून दिलें असल्यास 'वजनी' असें लिहीत. मापाच्या कोष्टकांत दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, आणि वीस मणांची खंडी. मण मात्र कोठें १२ पायल्यांचा तर कोठें १६ पायल्यांचा. शिवाय शेर कच्चा व पक्का असा दुहेरी. म्हणून एका परगण्याच्या यादींतील मणाचा आंकडा दुसऱ्या परगण्याच्या यादीशीं ताडून पाहतांना स्थानिक माप कळल्याखेरीज निष्कर्ष काढूं नये. अशी घाई केल्यानें एखाद्या गरीब मठाचें अन्नछत्र कागदावर श्रीमंत होतें व एखाद्या सरदाराचा मुदपाक उपाशी दिसतो.

मितीविषयीं संग्राहकांस नवीन सांगावयाचें नाहीं. तथापि हिशेबी कागदांत शालिवाहन शक बहुधा नसून सुहूर सन असतो, हें ध्यानांत ठेवावें. उदाहरणार्थ, 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे १, ७०, १०० व १००० मिळून ११७१. हा सन मृगाच्या आरंभीं सुरू होतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या मितीस ५९९ व पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. येथें तो १७७०-७१ येईल. महिना व 'छ' या खुणेपुढील चंद्र दिला असल्यास दिवसही लागतो. असा एक मुदपाकाचा खर्डा हातीं आला, कीं अमक्या दिवशीं अमकी स्वारी अमक्या मुक्कामीं जेवली, इतकें निश्चित ठरतें. ज्या मुक्कामाविषयीं राजकारणी पत्रें गप्प असतात, त्याविषयीं असा कागद बोलतो.

(३) घरचें ताट

घरच्या ताटाचें शास्त्र आपल्याकडे फार जुनें आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें शके १०५१ च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासांत अन्नभोग व पानीयभोग अशीं स्वतंत्र प्रकरणें आहेत. त्यांत मंडक, पोलिका, दोसक, इडरिका, वटक, शिखरिणी हे पदार्थ येतात. मंडक म्हणजे आमचे मांडे, पोलिका म्हणजे पोळी. इडरिकेंत आजच्या इडलीप्रमाणें तांदूळ नसून ती केवळ उडदाची आहे. पानीयभोगांत पाण्याच्या उगमावरून व ऋतूवरून भेद केले असून फुलांनीं तें सुवासिक करण्याची रीति दिली आहे. ज्या राजानें हत्ती, घोडे व कोश यांचा विचार ज्या गंभीरपणानें केला, त्याच गंभीरपणानें दह्यांत मुरलेल्या वड्याचा केला, हें आम्हांस विशेष वाटतें. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापून निघाला आहे.

त्यानंतर सुमारें साडेपांचशें वर्षांनीं, तंजावरास राणी दीपाबाईच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडितानें भोजनकुतूहल नांवाचा संस्कृत ग्रंथ केला. त्याचा काल व चरित्र यांचा शोध कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं लावला. महाराष्ट्रांतून इतक्या दूर गेलेला पंडित, राज्यें उलथापालथ होत असतां, अन्नाचे गुणदोष लिहीत बसला, ही गोष्ट कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. परमुलखांत गेलेला मनुष्य घरची भाषा विसरेल, पण घरच्या चवीचा पदार्थ विसरत नाहीं.

पेशवाईंतील घरच्या ताटाचा कळस पाहावयाचा असेल तर सवाई माधवरावांच्या इ. स. १७८३ मधील लग्नाच्या तरतुदीची याद वाचावी. ही नाना फडणिसांच्या कारभारांतील. लग्नास येणारे लोक, त्यांचा मानपान, पंक्तीची मांडणी, वाढण्याची व्यवस्था यांविषयींची त्यांतील दक्षता पाहून वाचक थक्क होतो. पुष्कळ लेखकांनीं या यादीवरून पेशवाईच्या चैनीवर टीकेचा भडिमार केला, व पुष्कळांनीं वैभवाचे गोडवे गाइले. दोहोंसही एक गोष्ट दिसली नाहीं. ती पुढें सांगूं.

(४) वाटेची शिदोरी

घर सुटलें कीं अन्नाचा प्रश्न पाणी व विस्तव यांवर येऊन ठेपे. पाण्यांत शिजविलेला भात किंवा वरण खरकटें मानलें जाई. तें सोवळ्यावांचून शिजवितां येत नसे व बांधून नेतां येत नसे. म्हणून ब्राह्मणादि वर्गांत वाटेसाठीं पाण्याऐवजीं दुधांत पीठ मळून केलेल्या दशम्या, तुपांत तळलेले जिन्नस, लाडू, पोहे, लाह्या व सातूचें पीठ यांची योजना असे. गोष्टींतल्या मुलास आई तहानलाडू व भूकलाडू बांधून देते, त्याचें मूळ याच व्यवहारांत आहे. बरोबर फिरकीचा तांब्या व विहिरीचें पाणी काढण्यास दोरी. मुक्कामीं धर्मशाळा, सदावर्त किंवा ओळखीचें घर मिळाल्यास तेथें गूळपाणी पुढें येई. उन्हांतून आलेल्या माणसास आधीं नुसतें पाणी न देतां त्यासोबत गुळाचा खडा द्यावा, ही आमच्या खेड्यांतील चाल. तिच्याइतकें साधें व गोड स्वागत दुसरें नसेल.

सैन्याची गोष्ट निराळी. लष्कराचें पोट लमाणांच्या बैलांवर व बाजारावर चाले. इ. स. १८०९ मध्यें दौलतराव शिंद्यांच्या छावणींत असलेल्या ब्राउटन नांवाच्या इंग्रज अंमलदारानें आपल्या पत्रांत, तीं १८१३ त छापलीं गेलीं, या छावणीचें वर्णन केलें आहे. बिनीवाला पुढें जाऊन झेंडे रोवी. त्यावरून कोणता बाजार कोठें लागणार हें ठरलेलें असे, आणि मुक्काम बदलला तरी छावणीची आंखणी बदलत नसे. म्हणजे प्रवासांतही शिपायास आपल्या वाण्याचें दुकान अंधारांत सांपडावें, अशी ही तजवीज.

परंतु साध्या स्वारानें प्रत्यक्ष काय खाल्लें, याची याद कोणी ठेविली नाहीं. पहिल्या बाजीरावाचें जसा दिसेल तसें चित्र काढून आणण्यास निजामानें चिताऱ्यास सांगितलें, आणि चिताऱ्यानें घोड्यावर बसून कणसें हातावर चोळून खाणारा बाजीराव काढला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण ती लोकांनीं दोनशें वर्षें जपली, याचा अर्थ असा कीं सेनापतीनें शिपायाचा घास खावा, हें मराठ्यांस भूषण वाटत होतें. हा घास कागदावर आला नाहीं म्हणून तो नव्हता असें नव्हे. दप्तर जेवढें बोलतें तेवढाच इतिहास, असें मानणाऱ्यांनीं हें ध्यानीं ठेवावें.

(५) एकाच माणसाचे दोन कागद

आतां मागें राखून ठेविलेली गोष्ट. पानिपतावर मराठ्यांची कोंडी झाली ती आधीं अन्नाची. रसद तुटली, शत्रूची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्यें पडले, आणि शेवटीं लोकांनीं भाऊसाहेबांपाशीं येऊन दोन दिवस पोटांत अन्न नाहीं, असें सांगितलें, हें काशीराजाच्या फारसी वृत्तांतावरून कळतें. पौष शुद्ध ८, शके १६८२, म्हणजे ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं उपाशी फौज मैदानांत उतरली.

त्या फौजेबरोबर नाना फडणीस होते. त्यांस १९ वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. पराभवानंतर ते जीव घेऊन निघाले, मातोश्री दुरावल्या. हा पळ त्यांनीं स्वतःच्या हातानें आत्मवृत्तांत लिहून ठेविला आहे. पायीं चालणें, लूट होणें, भुकेपोटीं झाडाचा पाला खाणें, आणि एका बैराग्यानें दिलेल्या पिठाची रात्रीं भाकर भाजून खाणें, हा त्यांतील भाग वाचतांना कोणाचेंही मन द्रवल्याशिवाय राहणार नाहीं. त्या भाकरीची गोडी त्यांनीं नमूद केली. पुढें आयुष्यांत शेंकडों पंक्ती त्यांच्या नजरेखालून उठल्या. परंतु चवीची आठवण म्हणून स्वतः लिहून ठेविली ती या भाकरीची.

या भाकरीनंतर २२ वर्षांनीं लग्नाच्या तरतुदीची याद झाली. आमच्या मतें ती याद या आत्मवृत्ताशेजारीं ठेवून वाचली पाहिजे. ज्यानें कोठीची व्यवस्था मोडल्यामुळें लक्षावधींचें लष्कर मातीस मिळालेलें डोळ्यांनीं पाहिलें, त्यानें पुढें प्रत्येक पंक्तीचा, प्रत्येक वाढप्याचा बंदोबस्त लिहून ठेवावा, यांत नुसती चैन पाहणें म्हणजे अर्धाच कागद वाचणें होय. याद आत्मवृत्ताचा परिणाम आहे, असें सिद्ध करण्यास पुरावा नाहीं व तसा आमचा आग्रहही नाहीं. परंतु दोन्ही कागद एकाच माणसाच्या आयुष्यांतले आहेत, एवढी गोष्ट तरी टीकाकारानें विसरूं नये.

असाच दुसरा दाखला विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार अशी वार्ता ऐकून ते १८५७ सालीं चुलत्यांसह घरून निघाले ते बंडाच्या धामधुमींत सांपडले. दक्षिणेच्या आशेनें निघालेला हा भिक्षुक झांशीच्या वेढ्यांतून जिवानिशीं सुटला. पुढें काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशीं त्यास राणी लक्ष्मीबाई भेटली, ती तहानेनें व्याकुळ झालेली. भटजी पाणी काढूं लागले तेव्हां, तुम्ही विद्वान् ब्राह्मण, माझ्यासाठीं पाणी काढूं नका, अशा अर्थाचें बोलून तिनें स्वतः मडक्यानें पाणी काढलें व ओंजळीनें प्यायली. आबदारखाना ज्यांच्या दारीं असावयाचा, त्यांची ही तहान. भटजी मात्र घरीं परतले ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन. सगळ्या प्रवासांत जें पाणी त्यांनीं आईबापांसाठीं राखलें, त्याचें मोल त्या विहिरीच्या गोष्टीवरून कळतें.

हा वृत्तांत त्यांनीं १८८३ सालीं लिहिला. चिंतामण विनायक वैद्य यांनीं तो १९०७ त फेरफार करून छापला. आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम तो दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ त प्रसिद्ध केला. दोन प्रती ताडून पाहणारास मूळ प्रतीचें महत्त्व वेगळें सांगावें लागणार नाहीं.

(६) पदार्थांवरून काळाची परीक्षा

अन्नवाचक शब्दांचा आणखी एक उपयोग आहे. मिरची, बटाटा, भुईमूग, पेरू, अननस, पपई व तंबाखू या वस्तु अमेरिकेंतल्या. पोर्तुगीज आल्यावर, १६ व्या शतकापासून पुढें, त्या आपल्याकडे रुजल्या. 'बटाटा' हें नांवच पोर्तुगीज आहे. त्यापूर्वीं तिखटास मिरीं, पिंपळी व आलें. सबब यादवकालीन म्हणून दाखविलेल्या पोथींत मिरचीची फोडणी आढळली, तर पोथी तरी अलीकडची किंवा तो भाग तरी मागाहून घातलेला, असें समजावें. आजच्या उपवासाच्या ताटांतील बटाटा व शेंगदाणा हेमाद्रीनें पाहिलेही नसतील. चहाचेंही तसेंच, तो मराठी घरांत सर्वत्र शिरला त्यास फार काळ झालेला नाहीं. उलट, मिरचीचा उल्लेख नाहीं एवढ्यावरून कागद जुना ठरत नाहीं. अनुल्लेख हा पुरावा नव्हे.

(७) विनंती

येणेंप्रमाणें या कागदांची उपयुक्तता थोडक्यांत दाखविली. संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, दप्तर पाहतांना मुदपाकाचे खर्डे, कोठीच्या याद्या, शिध्याच्या चिठ्या, यात्रेच्या खर्चाच्या वह्या यांस 'किरकोळ' हा शेरा मारूं नये. त्या ज्या रुमालांत सांपडल्या त्याच रुमालांत, त्याच क्रमानें ठेवाव्या. कारण शेजारच्या पत्रावरूनच बहुधा त्यांचा मुक्काम लागतो. स्थानिक मापाचा शोध गांवांतील वृद्धांकडून घेऊन त्याच वेळीं टिपून ठेवावा. पाकाची जुनी वही घरांतील स्त्रियांकडे असते. ती मागावयाची झाल्यास त्यांना मागावी, आणि नक्कल करून मूळ वही आदरानें परत द्यावी.

आमच्या हातून गेलेला गठ्ठा आतां परत येणार नाहीं. त्यांत कोणत्या स्वारीचा कोणता मुक्काम होता, किती पानें मांडलीं गेलीं व वाटेसाठीं किती दशम्या बांधून दिल्या, हें कळण्याचा मार्ग उरला नाहीं. पण तसले गठ्ठे अद्यापि अनेक घरांच्या माळ्यांवर आहेत. ते बंबांत जाण्यापूर्वीं वाचकांच्या हातीं लागोत.